टेबल सॉच्या फिरत्या कपाटासाठी मिस्त्रीकाकांचे जाहीर आभार

आदरणीय मिस्त्रीकाका,

सप्रेम नमस्कार.

टेबल सॉचं, म्हणजे टेबलातून गोल पातं वर येणाऱ्या करवत-मशीनचं, चाकांवरचं कपाट उभं राहिलं आणि कामालाही लागलं. बघायला येणारा प्रत्येक जण त्याची मापं मागतो. मापं देताना ती कुणी काढून दिली हेही सांगायला हवं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहोत. फरशीवर खडूने पूर्ण मापात आराखडा काढून तुम्ही जे समजावलंत, त्याचा एक पैसाही घेतला नाहीत. पैसे घेतले असतेत तरी हे ऋण फिटलं नसतं.

प्लायला करवत लावायच्या आधी मशीन, चाकं आणि दार या तीन गोष्टी मोजायच्या, इथून तुम्ही सुरुवात केलीत. दाराची चौकट आतून ७५० मिमी भरली, म्हणून कपाटाची पुढून मागे खोली ७०० मिमीच्या पुढे गेली नाही. लांबी १२२० मिमी, म्हणजे प्लायच्या पूर्ण रुंदीइतकी. तेवढाच एक काप वाचला.

उंची वरून खाली मोजायची, हे आधी विचित्र वाटलं. सरळ उभं राहून हात सैल सोडले की मनगटाची घडी जिथे येते, तिथे मशीनचा माथा. ही उंची ८७० मिमी आली. मशीनची स्वतःची उंची ३३० मिमी, म्हणजे मशीनचे पाय जमिनीपासून ५४० मिमीवर टेकायला हवेत. खालून १०० मिमीची चाकं प्लेटसकट १३० मिमी घेतात, १८ मिमीच्या दोन थरांचा तळ ३६ मिमी. तळाच्या वरून उभ्या फळ्या ६८२ मिमी आणि त्यावर दोन्ही बाजूंच्या सनमायकासकट २० मिमीचा माथा: बेरीज ८६८. म्हणजे कपाटाचा माथा मशीनच्या माथ्यापेक्षा २ मिमी खाली राहतो. कापलेला तुकडा पुढे सरकताना कपाटाच्या कडेला अडला, तर तो पात्यावर तिरका होतो आणि उसळी, म्हणजे लाकूड उलटं अंगावर फेकलं जाणं, तिथूनच येते. म्हणून मशीनमागचा माथा मशीनच्या बरोबरीने नको, किंचित खालीच हवा.

मशीनच्या फळीचा वरचा भाग तुम्ही मुद्दाम ५३७ मिमीवर ठेवायला लावलात आणि राहिलेले ३ मिमी सनमायकाच्या तुकड्यांनी भरून घेतलेत. १ मिमीच्या सनमायकाचे चौकोनी तुकडे, प्रत्येक पायाखाली तीन-तीन, एका कोपऱ्यात दोनच. लाकूड कमी करणं त्रासाचं, तुकडा वाढवणं सोपं. चारही पाय एका पातळीत नसताना बोल्ट आवळले की मशीनची फ्रेम पिळते आणि पातं गाइडला (ज्या पट्टीला टेकवून लाकूड सरळ सरकवतात तिला) समांतर राहत नाही. नंतर कितीही सेटिंग केलं तरी ते टिकत नाही. रबराचं पॅकिंग तुम्ही साफ नाकारलंत, तेही योग्यच: ते दबतं आणि जुळवलेली उंची बदलते.

सगळ्यात जास्त वेळ तुम्ही चाकांवर घालवलात. कपाट, मशीन आणि खणांतली हत्यारं मिळून वजन १८० किलोच्या आसपास जातं. फरशी कधीच पूर्ण सपाट नसते, म्हणून चारपैकी तीनच चाकांवर भार येतो असं धरायचं. म्हणजे प्रत्येकी ६० किलो, वर थोडी सूट धरून प्रत्येक चाक किमान ८० ते १०० किलोचं हवं. चाकं पीयूची (पॉलियुरेथेनची), कारण नायलॉनचं चाक गुळगुळीत टाइलवर ब्रेक लावूनही घसरतं. ब्रेक असा हवा की चाकाचं गोल फिरणं आणि प्लेटवर वळणं, दोन्ही एकदम थांबेल. फक्त चाक धरणारा ब्रेक घेतला तर लाकूड ढकलताच कपाट जागेवरच डुलतं. चाकं लाकडी स्क्रूने लावायची नाहीत. ८ मिमीचे बोल्ट तळाच्या ३६ मिमीतून आरपार, वर रुंद वॉशर आणि नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा.

वळणारं चाक आत वळलं की त्या बाजूचा आधार ३५-४० मिमीने आत सरकतो, हे कागदावर दिसत नाही. वर जड मशीन आणि खाली अरुंद आधार झाला की कपाट कलंडू शकतं. म्हणून प्लेट तळाच्या अगदी कडेला बसवायची आणि ब्रेक लावण्याआधी कपाट थोडं मागेपुढे ढकलून चाकं बाहेर वळवून घ्यायची. शहाबादी फरशीसाठी चार कोपऱ्यांत १२ मिमीचे लेव्हलिंग बोल्ट दिलेत, त्यांची किंमत रोज कळते. पाणसळ माथ्यावर ठेवायची, चाकांवरचा भार हलका होईपर्यंत बोल्ट खाली घ्यायचे आणि मगच मशीन चालू करायचं.

सामान तुम्ही सांगितलंत तेवढंच लागलं: १८ मिमीचे दोन प्लाय, खणांच्या बाजूंसाठी १२ मिमीचा एक, पाठ आणि खणांचे तळ यांसाठी ९ मिमीचा एक. आयएस ७१० छापाचा (मरीन) प्लाय घेतला, पावसाळ्यात बंद खोलीतल्या दमटपणाला तो टिकतो. मात्र १८ मिमी लिहिलेला प्लाय बऱ्याचदा १७ ते १७.५ मिमीच भरतो. खाचा पाडण्याआधी कॅलिपर लावून बघायलाच हवा, नाहीतर जोड सैल.

पूर्ण ८ बाय ४ फुटांचा १८ मिमीचा प्लाय ३० किलोच्या वर जातो. तो लहान मशीनवर चढवायचा नाही. जमिनीवर हातकटरने एक सूत (सुमारे ३ मिमी) जास्त ठेवून तुकडे करायचे, मग मशीनवर नेमक्या मापात आणायचे.

आतली विभागणी अशी: तीन उभ्या फळ्या, उजवीकडे ६४० मिमीचा मशीनचा कप्पा आणि डावीकडे ५२६ मिमीचा खणांचा. मशीन उजवीकडे, कारण गाइडचे रूळ उजव्या बाजूला बाहेर सरकतात. उजवी उभी फळी त्या रुळांच्या २५ मिमी खालीच थांबवायची. पुढची बाजू उघडी ठेवायची, म्हणजे पातं वर-खाली करायचं चाक आणि तिरकं करायची खिट्टी हाताला सहज येते.

जोडांना पाण्याला टिकणारा फेविकॉल आणि ५० मिमीचे स्क्रू, दर १५० मिमीला एक. प्लायच्या कडेत स्क्रू मारण्याआधी ३ मिमीचं भोक पाडलंच पाहिजे, नाहीतर थर फाटतात. चौकट चिकटवली की दोन्ही कर्ण मोजायचे. फरक १ मिमीच्या वर गेला, तर फेविकॉल ओला असतानाच लांब कर्णावर क्लॅम्प लावून ओढून घ्यायची. ९ मिमीची पाठ चिकटवून स्क्रूने बसवली की कपाटाचं लचकणं थांबतं. ती पाठ म्हणजे नुसतं झाकण नव्हे, हे तुमच्यामुळे कळलं.

खणांचा हिशोब तर तुम्ही तोंडपाठ सांगितलात. टेलिस्कोपिक चॅनेलला दोन्ही बाजूंना मिळून २६ मिमी, म्हणून ५२६ च्या कप्प्यात खण बाहेरून बरोबर ५०० मिमी. एखादा मिमी जरी जास्त झाला तरी चॅनेल घासतं, दोन-तीन मिमी कमी झालं तर खण डुगडुगतो आणि गोळ्या सांडतात. जड सामान सगळ्यात खालच्या खणात. कपाट उंबऱ्यावरून नेताना खण आपोआप उघडतात, म्हणून प्रत्येकाला लाकडी खिट्टी.

भुशाबद्दल तुम्ही दिलेला इशारा इथे ठळक लिहितो. मशीनखालच्या फळीला ३५० बाय ३५० मिमीचं भोक आणि त्याखाली ६१४ मिमी रुंदीचा भुशाचा खण. भोक कापण्याआधी पातं ४५ अंशांत वळवून मोटर कुठे येते ते बघायचं आणि तिच्याभोवती किमान ५० मिमी मोकळं सोडायचं. मशीनचा कप्पा चारही बाजूंनी बंद करायचा मोह होतो. तसं केलं तर मोटरला हवा मिळत नाही, बारीक भुसा तिच्यावर साचतो आणि तापून पेट घेऊ शकतो. खण अर्धा भरला की रिकामा करायचा. आणि खिळा किंवा स्क्रू असलेलं जुनं लाकूड कापायला घ्यायचंच नाही, कारण ठिणगी पडली तर ती थेट भुशात.

कापून येणारं लाकूड पेलायला मागे पियानो बिजागरीवर (सलग लांब बिजागरीवर) ४०० मिमीची घडीची फळी आहे. तिच्यावर आणि माथ्यावर मायटरच्या खाचांपुढे (मशीनच्या माथ्यावर मायटर गेज, म्हणजे कोनात कापायची सरकपट्टी, ज्यांतून सरकते त्या खाचांपुढे) २२ मिमी रुंद, १२ मिमी खोल खाचा पाडल्या. मशीनची खाच १९ मिमीची आहे, म्हणून दोन्ही बाजूंना दीड मिमी सैल. फळीवर वजन आलं की कपाट मागे झुकू पाहतं, तेव्हा मागचे दोन लेव्हलिंग बोल्ट जमिनीला टेकलेले हवेतच.

मशीन १८०० वॉटचं, म्हणजे चालताना साधारण ८ अँपिअर आणि सुरू होताना त्याहून बरंच जास्त. म्हणून १६ अँपिअरचा प्लग, २.५ चौरस मिमीची तीन तारांची केबल आणि अर्थिंग. बारीक वायरच्या लांब एक्सटेन्शनवर व्होल्टेज कमी होतं आणि मोटर तापते. बंद करायचं बटण गुडघ्याने दाबता येईल अशा जागी आहे, दोन्ही हात लाकडावर असताना ते लागतं.

पात्याचा एक दात खुणेला घेऊन तो पुढे आणि मागे, मायटर खाचेपासून मोजायची तुमची पद्धत आम्ही दर वेळी कपाट हलवल्यावर वापरतो. मायटर गेजला स्क्रू बसवायचा, दाताला जेमतेम टेकेल इतका. मागे नेल्यावर मध्ये झेरॉक्सचा एक कागद जाईल एवढी फट पडली, तर बोल्ट सैल करून पुन्हा जुळवायचं. त्याआधी प्लग काढलेला हवा.

सर्व फळ्यांना, तळाच्या खालच्या बाजूलासुद्धा, लॅकरचे दोन हात दिले आहेत. एकाच बाजूला सनमायका लावली की फळी वाकते, हे तुम्ही सांगितल्यावर माथ्याला दोन्ही बाजूंनी लावली. मशीनच्या माथ्यावर पेस्ट वॅक्स घासतो, तेल लावत नाही, ते लाकडाला डाग पाडतं.

कपाटात एक ६० मिमी उंचीची फट अजून मोकळी आहे. क्रॉसकट स्लेड (आडवे काप घ्यायची सरकती फळी) तिथे आडवी सरकवायची की बाहेर टांगायची, हे ठरवायचं तुमच्यासाठी राखून ठेवलं आहे. सवडीने या, चहा मांडतो.

आपली,
वर्कशॉपमधली सगळी मंडळी