ह्यूस्टनच्या दोस्ताला, एलएसयूच्या त्या सीझनबद्दल

दोस्ता,

तुझा व्हॉइस मेसेज मधल्या सुट्टीत ऐकला, पोरं खिचडीच्या लाईनीत होती म्हणून तव्हाच रिप्लाय देता आला नाही. सोमवारी ऑफिसात सगळे अमेरिकन फुटबॉलवर बोलायलेत अन् तू उगी मान हलवायलास म्हणून सांगितलंस, लई हसलो. आणि वरून म्हणतोस तुझ्या ऑफिसच्या टीममधले दोघं एलएसयू कॉलेजवाले हायत, त्यांच्या तोंडी सारखं २०१९, २०१९. मग व्हॉट्सॲपवर तुकडे तुकडे लिहिण्यापेक्षा आज रविवार आहे, बसून नीटच लिहितो.

पहिलं हे ध्यानात घे की हा आपला फुटबॉल नाही, लाथेचं काम कमी, हाताचंच जास्त. चार चान्स असतात, तेवढ्यात दहा यार्ड पुढं सरकायचं, सरकलास तर परत चार, नाही तर बॉल समोरच्याला. आपल्या कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी करो या मरो असती नं, तसं ह्यांच्यात तिसऱ्या चान्सला सगळं स्टेडियम उभं राहतं. टचडाऊनचे (बॉल समोरच्याच्या शेवटच्या रेषेपार नेला की) सहा, फील्ड गोलचे (लाथेनं खांबांमधून मारला की) तीन, बाकी बघता बघता कळंल.

आता एलएसयू म्हणजे लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी, गाव बॅटन रूज, तुझ्या ह्यूस्टनहून गाडीनं चार-पाच तास. कॉलेजचं स्टेडियम एक लाखाच्या वर माणूस मावेल एवढं, टायगर स्टेडियम, लोकं त्याला डेथ व्हॅली म्हणतात. आपल्याकडं कॉलेजच्या मॅचला कोण असतं सांग, स्पोर्ट्सचे सर, चार मित्र आणि एक कुत्रं.

त्या वर्षी, म्हणजे २०१९च्या सीझनला, १५ पैकी १५ जिंकले. आणि त्या टायमाला प्लेऑफला (चॅम्पियन ठरवायच्या शेवटच्या मॅचेसना) चारच टीम घ्यायचे (२०२४ पासून बारा केल्या), म्हणजे एक मॅच हारली की पुढचे दोन महिने दुसऱ्यांच्या निकालाकडं डोळे लावून बसायचं. त्यामुळं हरलेच नाहीत ह्याला तव्हा आजच्यापेक्षा जास्त वजन होतं असं मला वाटतं.

क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य गडी, ज्यो बरो. हा मूळचा ओहायोचा, आधी ओहायो स्टेटला होता, तिथं नुसता बेंचवर. तिथंच डिग्री घेतली आणि २०१८ला बॅग उचलून लुइझियानात आला. पहिल्या वर्षी बरा खेळला, बरा म्हणजे बराच, कुणी डोक्यावर घेतलं नव्हतं. मग २०१९ला न्यू ऑर्लिन्स सेंट्स ह्या प्रोफेशनल टीमकडून ज्यो ब्रेडी म्हणून तिशीच्या आतबाहेरचा एक पोरगा पासिंगचा कोच म्हणून आणला, आणि पिढ्यान्‌पिढ्या धसमुसळं रनिंग (बॉल हातात धरून पळायचं) खेळणारी टीम एकदम हवेतून खेळायला लागली. बरोनं त्या सीझनला ६० टचडाऊन पास टाकले, तव्हाचा रेकॉर्ड. हेड कोच एड ऑर्जरॉन तिथलाच, लुइझियानाच्या खाडीकडचा माणूस, त्याचा आवाज एकदा ऐकच, रात्रभर भारूड गाऊन घसा बसलेल्या माणसासारखा.

यूट्यूबवर पहिली टेक्सासची मॅच बघ, ७ सप्टेंबर, ऑस्टिनला. शेवटचे अडीच-तीन मिनिटं राहिलेले, एलएसयू सहानं पुढं, आणि तिसऱ्या चान्सला १७ यार्ड पाहिजेत. दुसरा कोच असता तर रन मारून वेळ काढला असता. ह्यांनी पास टाकला. समोरचे गडी अंगावर यायलेत, बरो पुढं सरकतो, अंगावर येईस्तोवर बॉल सोडत नाही, आणि जस्टिन जेफरसन तो धरून सरळ टचडाऊनपर्यंत पळत जातो, सगळा मिळून ६१ यार्डाचा. ४५-३८. तेवढा एक पास मी हळू स्पीडला कितीदा बघितला असंल देव जाणे, बायको म्हणती ह्यानं काय पगार वाढायलाय का.

लोकं अलाबामाची मॅच सांगतील, बरोबरच आहे, २०११ नंतर त्यांना हरवलंच नव्हतं आणि तिथं जाऊन ४६-४१ मारलं, तो एडवर्ड्स-हेलेअर नावाचा बुटका गडी चार टचडाऊन करून गेला. पण माझं म्हणशील तर ऑबर्न. २३-२०. पॉइंट होईनात, घरच्या मैदानावर नुसती ओढाताण, तरी निघाले. ज्या दिवशी काहीच जमत नाही त्या दिवशी टीम कळती, ६३-२८ तर कुणीबी बघंल.

६३-२८ म्हणजे ओक्लाहोमाची, २८ डिसेंबरची सेमीफायनल. पहिल्या हाफमध्येच बरोचे सात टचडाऊन पास. आपल्याकडं वेळ अमावस्या नुकतीच होऊन गेलेली, घरात अजून आंबिलीचा वास. मी सकाळी उठून स्कोअर बघितला आणि खाली दुसरी बातमी. एलएसयूचा ऑफेन्सचा (चढाईचा) कोच स्टीव्ह एन्समिंगर, त्याची सून त्याच मॅचला यायला निघाली होती, छोटं विमान लाफायेटला पडलं, त्यात गेली. मॅचच्या काही तास आधी त्याला कळलं. तरी तो माणूस वर कोचच्या बूथमध्ये बसून प्ले (पुढचा डाव) सांगत राहिला. ते वाचल्यावर त्या स्कोअरचं काही कौतुकच वाटंना.

फायनल १३ जानेवारीची, न्यू ऑर्लिन्सला, म्हणजे जवळजवळ घरीच. आपल्याकडं १४ची सकाळ, भोगी. समोर क्लेमसन, सलग २९ मॅच जिंकून आलेली, आदल्या वर्षीची चॅम्पियन. १७-७नं पुढं गेली होती. इकडं आई म्हणायली भाकरी गरम आहे ये लवकर, तिकडं मी मोबाईल घेऊन रेंजसाठी गच्चीवर. हाफपर्यंत २८-१७ झालं, शेवटी ४२-२५. तीळ लावलेली बाजरीची भाकरी गारच खाल्ली.

आता खरं सांगू का, मी ह्या टीमच्या नादाला मॅचमुळं लागलोच नाही. डिसेंबरात बरोला हाइझमन ट्रॉफी मिळाली, त्यांच्यातलं सगळ्यात मोठं बक्षीस, तव्हाचं भाषण कुणीतरी फॉरवर्ड केलं होतं. एवढं मोठं स्टेज, आणि हा रडत रडत त्याच्या गावाकडच्या अथेन्स काऊंटीतल्या पोरांबद्दल बोलला, जी शाळेतून घरी जातात आणि घरी पुरेसं खायला नसतं. दीड मिनिट असंल नसंल. त्यावरून लोकांनी तिथल्या अन्नवाटपाच्या संस्थेला पाच लाख डॉलरच्या वर पैसे दिले.

तुला माहितीय माझी शाळा. दिवाळी झाली की अर्धा वर्ग ऊसतोडीला आईबापासंगं कारखान्याला जातो, काही आजीपाशी राहतात, काही हंगामी वसतिगृहात. मधल्या सुट्टीत कोण पोटासाठी येतं अन् कोण वाटीत घेऊन भावासाठी लपवतं हे मास्तराला वेगळं सांगावं लागत नाही. अमेरिकेतबी असं असतं हेच मला नवीन होतं.

पुढच्या वर्षी तीच एलएसयू पाच जिंकली, पाच हरली. बरो प्रोफेशनल लीगच्या निवडीत पहिल्या नंबरला सिनसिनाटीकडं गेला, ब्रेडी गेला, २०२१च्या सीझननंतर ऑर्जरॉनलाबी जावं लागलं. पोरं चार वर्षांत पासच होऊन जातात, कॉलेजची टीम काय टिकणार.

तू एक कर, ऑक्टोबरात रात्रीची मॅच असंल असा एखादा शनिवार गाठून बॅटन रूजला जा. तिकीट परवडंना तर बाहेर हिंड, लोकं सकाळपासून गाड्या लावून मोठाल्या पातेल्यात गंबो आणि जांबालाया (तिकडचा रस्सा अन् मसालेभात) शिजवतात म्हणे, नवीन माणसाला वाढतातबी. मला व्हिडिओ पाठव, फोटो नको. आणि तुझा साहेब टेक्सासवाला आहे नं, त्याच्यासमोर ते ४५-३८ काढू नको, निदान अप्रेझल होईस्तोवर तरी.

तुझाच,
मास्तर