खिचडी वेळेवर, मानधन कधी?

माननीय शालेय शिक्षण मंत्री यांस सविनय नमस्कार.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी शिजवते. अकरा वर्षं झाली. परवा तपेलं उतरवताना फडकं सटकलं नि उकळती डाळ डाव्या पावलावर सांडली. वर पाणी ओतलं आणि आधी पोरांची पंगत वाढली. दवाखान्याला साडेआठशे गेले, तेही जावेकडून उसने. दोन महिन्यांचं मानधनच आलेलं नाही. विचारलं तर गुरुजी म्हणतात, "वरून आलं की टाकतो." म्हणून वरच लिहितेय.

मानधन किती, तर महिना २५०० रुपये, तेही वर्षातले दहाच महिने. उन्हाळ्यात आम्हाला भूक लागत नसावी! पंचवीस दिवस धरले तर रोजाला शंभर पडतात. रोजगार हमीवर माती टाकायला २०२५-२६ मध्ये ३१२ होते. माझ्या मानधनात केंद्राचा वाटा सहाशे, २००९ पासून तो वाढलेलाच नाही. तेव्हा पहिलीत जेवलेली पोरं आता बाप झाली असतील.

कागदावर मी अर्धवेळ. नऊला तांदूळ निवडायला बसते, भांडी घासून उपडी घालते तेव्हा दोन वाजलेले असतात. पोरांच्या आधी चव मी घ्यायची, रजिस्टरवर सही करायची. काही बाधलं तर आधी मला बाधावं, असा तो हिशेब. पाचवीपर्यंतच्या पोरामागे तांदूळ शंभर ग्रॅम, तो मात्र काटेकोर मोजता.

२०२४ ला पंधरा पाककृतींचा कागद आला. मोडाची उसळ, पुलाव, खीर. झकास! पुढे खिरीच्या साखरेसाठी लोकवर्गणी काढा म्हणे. साखर मागत दारोदार फिरायचं तेही आम्हीच ना?

संघटनेच्या ताई सांगतात, किमान वेतनाहून कमी देऊन राबवणं ही वेठबिगारी, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८२ मध्येच म्हटलंय. घटनेच्या ४३ व्या कलमात निर्वाह वेतनही आहे. पण आम्ही कामगारच नाही, मानसेवी! आमदार कधी मानसेवी झालेले ऐकले नाहीत. निवडणुकीत लाडक्या बहिणीला २१०० देणार होतात, त्याचं काय झालं तेही एकदा सांगा. मतं मागायला आलात की आम्ही बहिणी, मजुरी मागितली की तुम्ही कोण?

थकलेले पैसे द्या, बारा महिने द्या, किमान वेतन लावा. पाय सुजलाय, पण बदली बाई लावली तर तिचे पैसे मीच भरायचे, म्हणून उद्याही जाणार आहे. उत्तर शाळेच्या पत्त्यावर पाठवा. दोनपर्यंत तिथेच असते, अर्धवेळ.

आपली,
एक स्वयंपाकी