बावड्याच्या घराचा विमा

कोल्हापूर

प्रिय संजू,

पत्र मिळालं. घराचा विमा काढायचं मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. पण २०२१ च्या पुरानंतर मागची खोली खचली होती हे फॉर्ममध्ये लिहू नका, असं तो एजंट सांगतोय ना, त्याचं अजिबात ऐकू नकोस मर्दा. विचारलेलं दडवलं आणि क्लेमच्या वेळी नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरला जुना तडा दिसला, तर कंपनी पॉलिसीच रद्द ठरवू शकते. काकू त्या घरात राहतात. असला धोका नको.

उघड लिही, आणि सोबत कागद जोड. दुरुस्तीची बिलं, फोटो, आणि मुख्य म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनियरचा रिपोर्ट. जमीन का खचली, पाया कसा सावरला आणि आता हालचाल थांबली का, ही तिन्ही उत्तरं त्यात हवीत. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, म्हणून तड्यावर काचेच्या पट्ट्या चिकटवून दोन्ही ऋतू बघावे लागतात. काच शाबूत राहिली की तोच तुझा पुरावा. जुन्या तड्याची भरपाई मात्र मिळत नाही, पुढच्या नुकसानीचीच मिळते.

पॉलिसी 'भारत गृह रक्षा' माग. १ एप्रिल २०२१ पासून ती सगळ्या साधारण (घर, गाडी वगैरेंचा विमा देणाऱ्या) विमा कंपन्यांकडे एकसारखी आहे, त्यामुळे तीन-चार ठिकाणचे दर सरळ ताडून बघता येतात. आग, भूकंप, पूर यांच्याबरोबर घराखालची जमीन खचणं, दरड कोसळणं हेही तिच्यात आहे. पण वगळलेल्या गोष्टी नीट वाच: नवं बांधकाम बसताना पडणारे तडे, भरावाची जमीन दबणं, नदीची धूप, सदोष बांधकाम, खोदकामामुळे झालेलं नुकसान. आपल्या गावात बुजवलेल्या खाणींवर घरं उभी राहिलीत, तुला माहीतच आहे. तुमच्या प्लॉटवर भराव टाकला होता का, हे काकूंना आधी विचार. मला हप्त्यापेक्षा याचीच जास्त काळजी वाटते.

हप्त्याचं म्हणशील तर जागेची किंमत धरायचीच नाही. कार्पेट एरियाला, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेला, आजच्या बांधकाम दराने गुणायचं आणि तेवढ्याच रकमेचा विमा काढायचा. बाजारभावाने काढलास तर उगीच जास्त भरशील. घरातल्या सामानाला त्या रकमेच्या २० टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, संरक्षण आपोआप मिळतं.

एखादी कंपनी नाही म्हणाली तर नकार लेखी घे आणि रिपोर्ट घेऊन दुसरीकडे जा. पुढे क्लेमवरून वाद झालाच तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, आणि तिथं दाद लागली नाही तर पुण्याचे विमा लोकपाल. तिथं फी लागत नाही.

भरलेला फॉर्म सहीआधी मला पाठव. इंजिनियर यायच्या दिवशी मी बावड्यात थांबतो, काकूंना एकटीला धावपळ नको. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
दिगू