एकटा जाऊ नकोस

नाशिक, रविवार

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

गुरुवारी रात्रीचं मला शुक्रवारी दुपारी कळलं, तेही तुझ्याकडून नाही. तू चोरट्या वाळूचा ट्रॅक्टर अडवलास, ड्रायव्हरनं ढकललं, तू वाळूत पडलास आणि उठलास तेव्हा हातात दगड होता. तो फेकला नाहीस, हेही कळलं. फोनवर मी "रोज ध्यानाला बसतोस का" एवढंच विचारलं, तर "डोळे मिटून बसल्यानं नदी वाचत नाही, आई" म्हणालास आणि फोन ठेवलास. फोनवर माझा आवाज चढतो, म्हणून पत्र लिहायला घेतलं.

तुझं म्हणणं खरं आहे. बसल्यानं नदी वाचत नाही. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, एका ट्रॉलीत साधारण तेवढी वाळू जाते, आणि आपण कितीही वेळ श्वास बघत बसलो तरी त्यातली ओंजळभरसुद्धा गिरणा नदीत परत येत नाही. वरच्या धरणात गाळ-वाळू अडते, खाली नवी येते ती थोडीच. पात्रातला वाळूचा थर गेला की पाणी धरून ठेवायला काही उरत नाही, काठच्या विहिरींचं पाणी खाली जातं, काठ ढासळतो. हे सगळं तूच मला समजावलं होतंस, ओट्याशी उभा राहून, पोळी हातात घेऊन.

साधनेचं काम वेगळ्या ठिकाणी आहे. दगड हातात आला आणि तो फेकला गेला नाही, याच्या मध्ये जे दोन-चार क्षण होते ना, तिथे. परवा ते क्षण तुला मिळाले. चार रात्रींचं जागरण असताना, अंधारात, समोर तिघंचौघं असताना ते दर वेळी मिळतीलच असं नाही. म्हणून म्हणते, रात्री नदीवर एकटा जाऊ नकोस. हे वाक्य या पत्रात लिहायचं नाही असं ठरवलं होतं. गेलं लिहून.

आता नीट सांगते, कसं सुरू करायचं ते. इगतपुरीच्या विपश्यना शिबिराहून आलास तेव्हा सकाळ-संध्याकाळ तास-तास बसायचास. मग सुटलं. बहुतेकांचं सुटतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण परत सुरू करताना एकदम तासावर जाऊ नकोस आणि डोक्यापासून पायापर्यंत संवेदना बघण्यावरही नको. मन खवळलेलं असताना आधी आनापानच, म्हणजे नुसता श्वास बघणं. पहिले दहा दिवस सकाळी वीस मिनिटं, झोपण्यापूर्वी वीस. ढुंगणाखाली चार बोटं जाडीची घट्ट उशी घे, म्हणजे गुडघे कंबरेच्या खाली राहतात आणि पाठ आपसूक सरळ होते. मऊ उशी घेतलीस तर पंधराव्या मिनिटाला पाठीला बाक येईल. तोंड बंद, डोळे बंद. नाकपुड्यांच्या कडा आणि वरच्या ओठाच्या वरचा भाग, एवढ्याच जागेवर लक्ष. श्वास जसा येतो तसा येऊ दे, लांबवायचा नाही, मोजायचा नाही, त्याला कुठलंही नाव किंवा मंत्र जोडायचा नाही. श्वास कळेनासा झाला तर तीन-चार श्वास मुद्दाम जोरात घे, आणि परत सोडून दे.

मन ट्रॅक्टरकडे जाणार. "मी असं म्हणायला हवं होतं, मी तसं करायला हवं होतं" हे सुरू होणार. गेलं हे कळलं की परत नाकाशी. वीस मिनिटांत पन्नास वेळा गेलं आणि पन्नास वेळा आणलंस तर बैठक नीट झाली. "आज शांत वाटलं नाही" म्हणून बैठक वाया गेली असं समजणं, इथेच जास्तीत जास्त माणसं सोडतात.

दुसरी चूक तुझी खास आहे, लहानपणापासूनची. राग आला की तू जबडा आवळतोस. बसल्यावरही तेच करशील आणि त्याला शांती म्हणशील. दात एकमेकांना टेकलेत का, जीभ टाळूला दाबली आहे का, हे मध्येच बघत जा. दाबलेला राग आणि बघितलेला राग यांतला फरक असा कळतो: बघितलेला राग शरीरात हलत राहतो, कानशिलं तापतात, मग छाती धडधडते, मग तळवे गरम होतात, आणि ओसरतो. दाबलेला एका जागी दगडासारखा बसतो, आणि दोन दिवसांनी भलत्याच माणसावर निघतो.

झोप येईल. चार-पाच तासांहून कमी झोपला असशील तर बसूच नकोस, आधी झोप. नाहीतर चेहऱ्यावर पाणी मार, पाच मिनिटं चालून ये, डोळे उघडे ठेवून बस.

मंगल मैत्री, म्हणजे बैठकीच्या शेवटी मनातून दुसऱ्याचं भलं चिंतणं, ती आत्ता त्या ड्रायव्हरला द्यायला जाऊ नकोस. मोठ्या मनाचा आव आणून केलेली मैत्री तोंडात कडू होते. शेवटची दोन मिनिटं, तीही अंग हलकं वाटत असेल तरच, आधी स्वतःला दे, मग आप्पांना, मग आपल्या गल्लीतल्या कुणाला. अंगात आग असेल त्या दिवशी सोडून दे. त्या पोराची पाळी येईल केव्हातरी. त्याला खेपेमागे पैसे मिळत असणार, वाळू काही त्याची नाही.

आणि एक गोष्ट अगदी गंभीरपणे. डोळे मिटले की तेच दिसतंय, रात्री दचकून उठतोयस, असं आठवड्यामागून आठवडे चाललं तर बैठक वाढवायची नाही, डॉक्टरकडे जायचं. शिबिराच्या अर्जात मानसिक त्रासाबद्दल विचारतात ते उगाच नाही. मला कळवायचं, आत्याला नाही.

तुझ्या खोलीतला तो फोटो मी पाहिला. मातृसदन आश्रमाचे स्वामी निगमानंद. गंगेतल्या खाणकामाविरुद्ध १९ फेब्रुवारी २०११ ला हरिद्वारला उपोषणाला बसले आणि १३ जूनला गेले. मग २०१८ मध्ये सानंद स्वामी, आयआयटी कानपूरमध्ये शिकवलेला माणूस, गंगेसाठीच १११ दिवस उपोषण करून गेले. दोघांपुढे मी मनापासून हात जोडते. पण त्या फोटोकडे बघताना तुझ्या डोळ्यांत जे दिसतं ना, त्यानं मला घाम फुटतो. मला मुलगा हवाय रे, फोटो नको.

तुला फोटो लावायचाच असेल तर चिपको आंदोलनातल्या, उत्तराखंडातल्या रेणी गावच्या बायकांचा लाव. २६ मार्च १९७४ ला गौरादेवी झाडांची तोड अडवायला गेल्या तेव्हा त्यांच्याबरोबर सत्तावीस बायका-मुली होत्या. गावातले पुरुष त्या दिवशी बाहेर होते, तरी त्या एकट्या नव्हत्या. पुढे १९७७ मध्ये हेंवल खोऱ्यात, अदवाणी गावच्या जंगलात, बायकांनी झाडांना राख्या बांधल्या आणि तिथेच भागवत वाचायला बसल्या. ही साधनाच की! पण सगळ्यांनी मिळून केलेली, दिवसाढवळ्या, घरी परत जाऊन चूल पेटवण्याच्या हिशोबानं.

बघ, मी भाषण द्यायला लागले. रागावू नकोस. तुला शिकवण्याइतकी नदी मला कळत नाही.

तुला आठवतं का, मामाच्या गावी एप्रिलमध्ये गिरणा कोरडी असायची आणि तू वाळूत झिरा खणायचास. सात-आठ वर्षांचा असशील. दोन्ही हातांनी, कुत्र्याच्या पिल्लासारखा, कोपरापर्यंत. आधी ओली वाळू लागायची, मग गढूळ पाणी. ते तू वाटीनं उपसून टाकायचास, एकदा, दोनदा, तीनदा, आणि मग पालथा पडून वाट बघायचास. कडेनं बारीक बारीक पाझर येऊन पाणी नितळ व्हायचं. मामीला पहिली वाटी, मग मला, मग तुला. मनीषाला देताना रडायचास. परवा मामी फोनवर म्हणाली, आता तिथे खणलं की हातभर खाली नुसता मुरूम लागतो. ते ऐकल्यापासून तुझ्या रागाबद्दल मला तुला काही म्हणता येत नाही. असाच मुलगा व्हावा असं मला वाटत होतं, तसाच तू झालास. फक्त जिवंत राहा.

पुन्हा तेच. माफ कर.

जायचंच असेल, आणि तू जाणारच, तर गाडीवरून उतरण्याआधी दहा श्वास बघ. मग दोन्ही तळपाय जमिनीवर टेकलेत हे पायातून जाणव, नुसतं मनात म्हणू नकोस. हातात मोबाईल ठेव, उजव्या हातात, म्हणजे त्या हातात दुसरं काही येणार नाही. नंबरप्लेट, वेळ, जागा एवढं लांबूनच टिपायचं. मूठ वळतेय असं कळलं, किंवा श्वास गळ्यातच अडकायला लागला, की पन्नास पावलं मागे, त्याच क्षणी, पुढचं वाक्य पूर्ण न करता. माघार वाटेल. वाटू दे. वाहनं अडवणं तुझं काम नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ मध्ये बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आहे, वाहन जप्त करता येतं, आणि ते करण्याचं काम तहसील कचेरीचं आहे, त्यांना लेखी अर्ज द्यायचा, पोच घ्यायची. एकदा गेलास तेव्हा त्यांनी तुला चार तास बाकावर बसवून ठेवलं, माहीत आहे. पुढच्या वेळी पाच जण जा. त्या बाकावर बसल्या बसल्याही श्वास बघता येतो.

परत आल्यावर लगेच व्हिडिओ बघत बसू नकोस. आधी हातपाय धू, काहीतरी खा, दहा मिनिटं बस, मग बघ.

आप्पांचं ऑपरेशन बावीस तारखेला ठरलंय. त्यांना परवाचं काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. रोज विचारतात, पोराची नदी कशी आहे.

निळ्या बॅगेत घट्ट उशी पाठवतेय, जुन्या गादीचा कापूस ठासून भरलाय, चार बोटं मोजून. खाली दशम्या आणि लसणाची चटणी आहे. उद्या सकाळच्या एसटीनं येईल, स्टँडवर जाऊन घे. आणि तुझ्याबरोबर नदीवर कोण कोण येतं त्यांची नावं आणि नंबर मला पाठव. कमीत कमी तीन तरी.

तुझी,
आई