आप्पा, इथल्या बैलांना वेसण नाही

मॅसॅच्युसेट्स, १२ ऑक्टोबर

ती. आप्पा आणि ती. सौ. आईस साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. थंडी पडायला लागली, पण स्वेटर पुरतो. आई, शेंगाचटणी अजून अर्धी बरणी शिल्लक आहे, म्हणजे बघ, जपून खाते. फोनवर आप्पा "बरं आहे ना?" एवढंच विचारून तुझ्याकडे फोन देतात, म्हणून लिहायला बसले.

"नांगर धरायला पोरगी अमेरिकेला धाडली का," असं काका पारावर म्हणाले म्हणे. त्यांना सांगा, संग्रहालयात नांगर धरणं हा माझ्या अभ्यासक्रमाचाच भाग आहे. ओल्ड स्टर्ब्रिज व्हिलेज हे संग्रहालय १९४६ साली सुरू झालं, पण तिथं सगळं काचेमागं मांडून ठेवलेलं नाही. १८३० च्या सुमाराचं अख्खं खेडं आहे. शेत, गिरणी, लोहार, कुंभार, सगळं चालू. जुनी अवजारं सांभाळायची तर ती आधी हातात घ्यायला नकोत का?

आप्पा, तुम्हाला सांगायचं ते बैलांचं. इथल्या बैलांना वेसण नाही, कासराही नाही! हाकणारा मागून चालत नाही, डाव्या बैलाच्या खांद्याशी चालतो. हातात नुसती काठी. 'जी' म्हटलं की जोडी उजवीकडे, 'हॉ' म्हटलं की डावीकडे, 'व्हो' म्हटलं की जागच्या जागी उभी. लहानपणीच वासराच्या मानेवर छोटं जू देतात, ते वाढेल तसं जू मोठं. चार वर्षांचा होईपर्यंत त्याला पुरता बैल म्हणतसुद्धा नाहीत. जुवाला आपल्यासारख्या शिवळांच्या खुंट्या नाहीत, सापत्यांचे पट्टे नाहीत. वाकवलेल्या लाकडाची कमान गळ्याखालून वर घालतात आणि जुवावर खुंटी मारतात.

काल पहिल्यांदा जोडी एकटीनं चालवली. 'जी' म्हटलं, दोघंही हलेनात. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, आवाज भ्यायलेला आहे. मग तुमच्यासारखी पोटातून हाक दिली, "चल रंऽ!" आणि मग 'जी'. वळले की! कानामागं हात फिरवला तर तीच ऊब, घामाचा तोच वास. मला रडूच आलं.

घरी तुम्ही मला कधी कासरा धरू दिला नाहीत. आणि सर्जा-राजा सांगोल्याच्या बाजारात गेले त्या रात्री तुम्ही जेवला नव्हता, हे वहिनीनं मला आत्ता सांगितलं. तिकिटाचे पैसे कुठून आले हे मी तेव्हा विचारायला हवं होतं. दादा म्हणतो, ट्रॅक्टर आल्यावर जोडी तशीही ठेवली नसती. असेल. पण बेंदराला गोठा रिकामा होता ना.

थंडी सरताना मेपलच्या झाडांचा रस आटवायला शिकवणार आहेत. चाळीस लिटर रसातून जेमतेम लिटरभर पाक निघतो. आपली काकवी आठवते.

५ तारखेला २०० डॉलर पाठवलेत. ते बँकेच्या हप्त्यालाच भरा, ज्वारीच्या बियाण्याला वेगळे पाठवते. पंढरपूरच्या स्थळाचं म्हणाल तर फोटो पाहिला, मुलगा बरा वाटतो. मी नाही म्हणत नाही, पण मेमध्ये अभ्यास संपतोय, तोवर शब्द देऊ नका. आणि आई, मी टाळते असं मनात आणू नकोस.

एक काम आहे. गोठ्यातलं जू सरपणात घालू नका. दादाला त्याची लांबी आणि शिवळांच्या भोकांमधलं अंतर मोजून कळवायला सांगा. इथं बाईंना दाखवायचंय.

तुमची,
अश्विनी