कंबरेचं ठीक, पण मानेला हात लावू देऊ नकोस

मोलीन, इलिनॉय
२२ मार्च

प्रिय पक्या,

तुझी कंबर, वहिनींची मान आणि काकूंचे गुडघे, यांच्याबद्दलचा तुझा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप तीनदा ऐकला. फोनवर बोललो असतो तर निम्मं राहून गेलं असतं, म्हणून लिहायला बसलोय. घाईचं आधी सांगतो, बाकीचं निवांत वाच. वहिनींना त्या मान मोडून देणाऱ्या माणसाकडे नेऊ नकोस. शनिवारची वेळ घेतली आहेस ती आजच रद्द कर. मान धरलीय, हाताला मुंग्या येतात आणि दोनदा चक्कर आली, हे तूच सांगितलंस. एवढं सगळं एकत्र असताना मानेला हिसका द्यायचा नसतो, देणारा कितीही नावाजलेला असला तरी. आधी डॉक्टर. का ते पुढे लिहितो.

तुझ्या कंबरेबद्दल मात्र माझं मत निराळं आहे. तिथे मणके हाताने दाबून मोकळे करण्याच्या या उपचाराचा, म्हणजे कायरोप्रॅक्टिकचा, उपयोग होऊ शकतो. मला झालाय.

जानेवारीत इथे दोन दिवस सलग बर्फ पडला. दारापुढचा बर्फ फावड्याने उचलून बाजूला टाकायला वळलो आणि कंबरेत अशी चमक भरली की सरळच होता येईना. भिंत धरत धरत घरात आलो. पुढचे काही दिवस पायात मोजे घालायलाही बायको लागायची. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या, शेक घ्या म्हणाले, आणि झोपून राहू नका, जमेल तेवढं चालत राहा असं बजावलं. एक्स-रे काढला नाही म्हणून मी तेव्हा नाराज झालो होतो. आता कळतं की त्यांचं बरोबर होतं. धोक्याची काही खूण नसेल तर अशा दुखण्यात पहिल्या काही आठवड्यांत एक्स-रेने उपचार बदलत नाहीत, आणि चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांच्या मणक्यांत झीज दिसतेच, दुखत असो वा नसो.

आठवडा उलटला तरी खुर्चीतून उठताना तीच कळ. तेव्हा घराजवळच्या एका कायरोप्रॅक्टरकडे गेलो. तो अनुभव वाईट होता, आणि तुलाही असा कुणी भेटू शकेल म्हणून सांगतो. त्याने आल्या आल्या अख्ख्या पाठीचे एक्स-रे काढले, त्यावर रेघा ओढून दाखवल्या, तीन मणके सरकलेत म्हणाला, आणि वेळीच नीट केले नाहीत तर पोट, मूत्रपिंड सगळ्यावर परिणाम होईल असंही. उपाय काय, तर ३६ बैठका, आणि पैसे आधी भरले तर सवलत. मी भरले नाहीत. पण त्या रात्री अंथरुणावर पडून मी फक्त माझ्या मणक्यांचाच विचार करत होतो, कूस बदलायलाही घाबरत होतो. पक्या, त्या माणसाने मला दुखण्यापेक्षा मोठी भीती घरी दिली. दुखणाऱ्या माणसाला भीती घालून पैसे मागणं मला फार वाईट वाटतं.

नंतर ऑफिसातल्या एकाने डेव्हनपोर्टच्या कॉलेजचा दवाखाना सुचवला. मी राहतो तिथून नदीवरचा पूल ओलांडला की पलीकडे आयोवा राज्यातलं डेव्हनपोर्ट. नकाशात मिसिसिपी वरून खाली जाते, पण या पट्ट्यात ती पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपला कराडचा प्रीतिसंगम आठवला होता, कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात आणि पूर्वेला वळतात तो. तर कायरोप्रॅक्टिक जन्मलं ते याच डेव्हनपोर्टमध्ये.

१८९५ सालची गोष्ट. डी. डी. पामर नावाचा कॅनडात जन्मलेला गृहस्थ. आधी मधमाश्या पाळल्या, किराणा विकला, मग हात फिरवून चुंबकीय शक्तीने बरं करण्याचा व्यवसाय केला. त्याच्या इमारतीत साफसफाई करणारा हार्वी लिलार्ड हा कृष्णवर्णीय माणूस बरीच वर्षं कानाने अधू होता. पाठीत काहीतरी कट्ट झालं आणि तेव्हापासून ऐकू येईना, असं तो म्हणाला. पामरने त्याच्या पाठीतला एक मणका दाबला आणि लिलार्डला ऐकू येऊ लागलं, अशी ती कथा. कानाची नस कवटीच्या आतून जाते, पाठीतून नाही, त्यामुळे ही कथा मला पटत नाही. पण पामरने त्यावर अख्खी विद्या उभारली आणि सरकलेल्या मणक्यांनी ९५ टक्के आजार होतात असं लिहूनही ठेवलं. १८९७ मध्ये शाळा काढली. १९०६ मध्ये परवान्याशिवाय वैद्यकी केली म्हणून तुरुंगातही गेला. पुढे डॉक्टरांची संघटना आणि हे लोक यांच्यात अनेक दशकं भांडण चाललं. शेवटी १९८७ मध्ये न्यायालयाने निकाल दिला की अमेरिकन मेडिकल असोसिएशनने या व्यवसायावर बेकायदा बहिष्कार टाकला. हे एवढ्यासाठी लिहिलं की आजही या व्यवसायात दोन तऱ्हेची माणसं आहेत. पामरच्या ९५ टक्क्यांवर अजून विश्वास ठेवणारी एक, आणि आपण कंबर, मान, सांधे यांचंच काम करतो असं मानणारी दुसरी. मला भीती घालणारा पहिल्यांतला होता. पामर कॉलेजच्या दवाखान्यात भेटला तो दुसऱ्यांतला.

शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी होता, पाठीशी त्याचे शिक्षक. पहिले पाऊण तास त्याने मला नुसते प्रश्न विचारले आणि तपासलं. पडलात का, ताप येतो का, वजन उतरलंय का, कधी कर्करोग झाला होता का, स्टिरॉइडच्या गोळ्या घेता का. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटतो का, मांड्यांच्या मधल्या, बैठकीच्या भागात बधिर वाटतं का. हे शेवटचे दोन प्रश्न तू पाठच करून ठेव. असं कधी झालं तर मालिश नाही, शेक नाही, थेट मोठं हॉस्पिटल, त्याच दिवशी. मग पाय सरळ ठेवून वर उचलून पाहिला, गुडघ्यावर हातोडी मारली, पायाचा अंगठा वर ओढायला लावून ताकद बघितली. एवढं झाल्यावर म्हणाला, नस दबल्याची खूण नाही, सांधा आणि स्नायू आखडलेत.

मग मला कुशीवर झोपवलं, वरचा गुडघा वाकवला, एका हाताने खांदा धरला आणि श्वास सोडा म्हणाला. श्वास सोडत असतानाच कंबरेवर एक छोटा, झटकन दाब. कट्ट! दुखलं नाही. आतून काहीतरी सुटल्यासारखं वाटलं आणि दोन मिनिटांनी उठलो तर कंबर आधीपेक्षा मोकळी होती.

तो आवाज हाडाचा नव्हे बरं. आजी आपली दृष्ट काढून कानशिलावर बोटं कडाकडा मोडायची ना, तोच हा आवाज. सांध्यात वंगणासारखा द्रव असतो. सांधा ताणला की आतला दाब एकदम उतरतो आणि द्रवात वायूची पोकळी तयार होते. २०१५ मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी एमआरआय यंत्रात बोट ओढून हे होताना प्रत्यक्ष टिपलं. म्हणजे ‘सरकलेला मणका जागेवर बसला’ असं काही होत नाही. आखडलेले स्नायू थोडा वेळ सैल पडतात, दुखण्याची जाणीव कमी होते, हालचाल सुटते. त्या विद्यार्थ्याने हे स्वतःहून सांगितलं आणि तिथेच माझा त्याच्यावर विश्वास बसला.

तीन आठवड्यांत सहा वेळा गेलो. दुसऱ्या दिवशी अंग ठणकायचं, ते एका दिवसात जायचं. पण प्रत्येक वेळी निम्मा वेळ व्यायामाचाच. पाठीवर झोपून कंबर उचलायची, गुडघ्या-हातांवर ओणवं होऊन एक हात पुढे आणि उलट बाजूचा पाय मागे लांब करायचा. घरी रोज करायलाच हवं, नाहीतर माझ्या हाताला अर्थ नाही, असं त्याने स्पष्ट सांगितलं होतं. सहाव्या वेळेनंतर म्हणाला, आता येऊ नका.

आता यात त्या कट्टचा वाटा किती? तुला खरं सांगायचं तर हे मला नेमकं सांगता येणार नाही, कारण कंबरेतली अशी चमक बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. आठवतं, तुमच्या गल्लीत एक पायाळू मावशी होत्या? कुणाच्या पाठीत उसण भरली की त्यांना बोलवायचं, त्या दुखऱ्या जागी पाय लावायच्या, आणि माणूस चार दिवसांत हिंडाफिरायला लागायचा. तो कदाचित तसाही लागला असता. म्हणून एकट्या माझ्या अनुभवावर जाऊ नकोस. २०१७ मध्ये २६ चाचण्यांचे निकाल एकत्र तपासले गेले. नव्या कंबरदुखीत मणक्यांच्या अशा हाताळणीने सहा आठवड्यांपर्यंत दुखणं शंभराच्या मापावर सरासरी दहाने कमी झालं. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सैन्यातल्या ७५० जणांवरचा अभ्यास आला, त्यातही नेहमीच्या उपचारांना ही जोड दिलेल्यांना जास्त आराम पडला. म्हणजे चमत्कार नाही, पण मदत आहे. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्ये नव्या कंबरदुखीला गोळ्यांआधी शेक, मालिश, अशी हाताळणी करून बघा असं सांगितलं, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी तिला जागा दिली, व्यायाम आणि समजावून सांगणं यांच्या सोबतीने.

आता मान. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या भोकांतून ओवल्यासारख्या वर जातात. मान जोरात पिळली तर त्यांच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते, तिथे गुठळी होते, ती मेंदूत गेली की पक्षाघात. हे क्वचित होतं. शिवाय कधी कधी चीर आधीच पडलेली असते आणि त्यामुळेच मान दुखत असते, माणूस त्या दुखण्यासाठी मान मोडून घ्यायला जातो. ऑन्टारियो प्रांतातल्या नोंदी तपासणाऱ्या २००८ च्या अभ्यासाचा रोख असाच होता. पण वहिनींच्या बाबतीत दोन्हींचा अर्थ एकच. चक्कर आणि मुंग्या असताना आत काय चाललंय हे बघितल्याशिवाय हिसका नको. मुंग्या नस दबल्यामुळे असतील, चक्कर कानाच्या आतल्या भागातून किंवा रक्तदाबातून असेल, साधंच निघेल बहुधा. ते डॉक्टरांना ठरवू दे. मात्र कधी मानेत किंवा डोक्यात अचानक आयुष्यात कधी नव्हती अशी कळ आली, बोलणं जड झालं, एकाचे दोन दिसायला लागले, चालताना तोल गेला, एका बाजूचा हात-पाय ढिला पडला, तर रात्र असली तरी गाडी काढ. आणि तू स्वतः सलूनमध्ये मालिशीनंतर मान मोडून घेतोस ते आजपासून बंद कर. मला माहीत आहे, तुला ते आवडतं. तरी बंद कर.

काकूंचं गुडघ्यांचं विचारलंस. झिजलेल्या गुडघ्याला या उपचाराचा मोठा फायदा नाही. मांडीचे स्नायू बळकट करणारा व्यायाम आणि थोडं वजन उतरवणं, याचा खरा उपयोग. खुर्चीत बसून पाय सरळ करून दहा आकडे धरायचे, इथून सुरुवात होते. आणि काकूंचं मनगट गेल्या वर्षी नुसतं हात टेकून मोडलं होतं ना? म्हणजे हाडं ठिसूळ असण्याची शंका घ्यायला हवी. त्यांच्या पाठीला कुणीही जोराचा दाब देता कामा नये, अगदी ओळखीच्या हाडवैद्यानेही. हाडांची घनता तपासून घे.

तुझ्यासाठी काय करायचं? आपल्याकडे कायरोप्रॅक्टरची वेगळी सरकारी परिषद नाही, त्यामुळे पाटी कुणीही लावतो. बाहेरून रीतसर चार-पाच वर्षं शिकून आलेले मुंबई-पुण्यात आहेत, पण थोडे. तू कराडातच पदवीधर फिजिओथेरपिस्ट गाठ, राज्याच्या परिषदेकडे नोंदणी आहे का विचार, आणि हाताने सांधे मोकळे करण्याचं शिक्षण घेतलंय का तेही विचार. ते मेटलँड किंवा मुलिगन पद्धत म्हणाले तर समज, बरोबर जागी आलास. जो तपासण्याआधीच टेबलावर झोपवतो, जो मोबाईल लावून चित्रण करतो, जो महिन्यांचे पैसे आधी मागतो, त्याच्याकडून उठून ये.

आणि केंद्रावरचे दुधाचे कॅन. भरलेला चाळीस लिटरचा कॅन पंचेचाळीस किलोंच्या पुढे जातो, आणि तू तो कंबरेतून वाकून, वर उचलताना अंग वळवून टेम्पोत टाकतोस. मी दिवाळीत डोळ्यांनी पाहिलंय. मीही बर्फ असाच टाकत होतो. कॅन दोघांनी उचला, अंगाजवळ धरा, गुडघे वाकवा, आणि वळायचं तर पाय उचलून वळा. नाहीतर सरळ चाकांची ढकलगाडी कर. पैशांची अडचण असेल तर लाजू नकोस, मी पाठवतो.

रविवारी रात्री तुझ्या आठ वाजता फोन करतो, इथे सकाळ असते. तोवर वहिनींना दाखवून आलेला अस. डॉक्टर काय म्हणाले ते मला त्यांच्याच तोंडून ऐकायचंय, तू मध्ये बोलू नकोस.

काकूंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
सुध्या