चेहरा नसलेली नायिका

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत गेल्या आठवड्यात नव्या पुस्तकांचे पान होते. वर तीन कादंबऱ्यांची सविस्तर परीक्षणे आणि खाली फिकट गुलाबी चौकटीत 'खास तिच्यासाठी' या मथळ्याखाली आणखी चार कादंबऱ्या, प्रत्येकीला जेमतेम पाच ओळी. त्या चारांपैकी दोन मी वाचल्या आहेत. एक खुनाच्या तपासाची आहे. दुसरी जमिनीच्या वादात फुटलेल्या भावांची. त्या चौकटीत का गेल्या, याचे मला एकच कारण दिसले : दोन्ही बायकांनी लिहिल्या आहेत आणि दोन्हींच्या मध्यभागी बाई आहे.

मी अठ्ठावीस वर्षे पुस्तकांची मुखपृष्ठे केली. ही चौकट वर्तमानपत्रात येण्याच्या खूप आधी आखली जाते, हे मला ठाऊक आहे, कारण ती आखण्यात माझाही हात होता.

मुखपृष्ठाचे काम येते तेव्हा हस्तलिखित क्वचितच सोबत येते. फोनवर दोन वाक्ये येतात. 'लेडीज कादंबरी आहे. जरा हळवं, सॉफ्ट काहीतरी द्या.' तेवढ्यावर मी रंग काढायला बसत असे. खिडकी, पाठमोरी बाई, मोकळे केस, फार तर हातात एखादे पत्र. चेहरा शक्यतो टाळायचा. चेहरा काढला की ती कोणी एक विशिष्ट बाई होते. पाठमोरी ठेवली की प्रत्येकीला ती आपलीच वाटते, असे मला अगदी सुरुवातीला शिकवले गेले होते. मी ते इतकी वर्षे निमूटपणे मानले.

एका कादंबरीची नायिका हिशेबतपासनीस होती. ती एका संस्थेतली अफरातफर उघडकीला आणते आणि त्यापायी तीन वर्षे कोर्टाच्या खेपा घालते. हे मला पुस्तक छापून आल्यावर कळले, कारण तेव्हाच मी ते वाचले. मुखपृष्ठावर मी तिला खिडकीशी उभे करून मोकळा झालो होतो. मलपृष्ठावर 'स्त्रीमनाचा हळुवार वेध' असे छापले होते. लेखिकेचा फोन आला. त्या रागावल्या नव्हत्या. म्हणाल्या, 'अहो, माझी नायिका अख्ख्या पुस्तकात एकदाही खिडकीशी उभी राहत नाही. तिला तेवढी सवडच नाही. आणि तिला चेहरा का नाही दिलात?' मला काही सांगता आले नाही.

त्याच वर्षी त्याच प्रकाशकाकडून दुसरी कादंबरी आली. घटस्फोटानंतर मुलीला एकट्याने वाढवणाऱ्या बापाची, लेखक पुरुष. या वेळी हस्तलिखित सोबत होते आणि निरोप होता, 'गंभीर काम आहे, वाचून मग करा.' मी काळी पार्श्वभूमी घेतली, वर मोठी अक्षरे. मलपृष्ठावर आले 'समकालीन माणसाच्या एकाकीपणाचा शोध'. या पुस्तकात डबा भरणे आहे, मुलीचा ताप आहे, शाळेतल्या पालकसभा आहेत. सारे घरातले, तरी ते 'माणसाचे' ठरले. कोर्टकचेरी आणि अफरातफर असलेले पुस्तक मात्र 'स्त्रीमनाचे'!

पुढचे सगळे यातूनच घडत जाते. मुखपृष्ठ पाहून विक्रेता पुस्तक कोणत्या फळीवर ठेवायचे ते ठरवतो. त्या फळीपाशी पुरुष थांबत नाहीत. परीक्षणाला पाठवायच्या प्रतींत ते मागे पडते, मग पुरस्काराच्या चर्चेतही नसते, आणि दोन वर्षांनी प्रकाशक म्हणतो, 'पाहा, अशी पुस्तकं फक्त बायकाच वाचतात.' १९९१ च्या बुकर पुरस्काराच्या अंतिम यादीत सहाच्या सहा लेखक पुरुष होते. त्या अस्वस्थतेतून पुढे १९९६ पासून इंग्रजीत कादंबरी लिहिणाऱ्या स्त्रियांसाठी वेगळा पुरस्कार सुरू करावा लागला.

प्रकाशकांचे म्हणणे मी अनेकदा ऐकले आहे : कादंबऱ्या विकत घेणाऱ्या बायकाच जास्त, मग त्यांना ओळखू येईल असे वेष्टन दिले तर बिघडले कुठे? अमेरिकेत सरकारी पातळीवर झालेल्या वाचन-पाहण्यांत कथा-कादंबऱ्या वाचणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त आढळत आले आहे, हे खरेच. पण मग ज्यांच्यामुळे कादंबरी टिकून आहे, त्यांचीच आवड वेगळी काढून कोपऱ्यात का ठेवायची? आणि त्यांना फिकट रंगाखेरीज काही ओळखू येणार नाही, हे कोणी ठरवले?

अमेरिकी कवयित्री सिल्विया प्लाथ यांची 'द बेल जार' १९६३ मध्ये टोपणनावाने प्रसिद्ध झाली. मानसिक आजारात बुडत जाणाऱ्या तरुणीची ती कादंबरी. तिच्या पन्नाशीनिमित्त २०१३ मध्ये निघालेल्या एका आवृत्तीच्या मुखपृष्ठावर छोट्या आरशात पाहून पावडर लावणारी बाई होती, आणि त्यावर बरीच टीका झाली. त्याच वर्षी मॉरीन जॉन्सन या अमेरिकी लेखिकेने वाचकांना एक आवाहन केले : माहितीतले एखादे पुस्तक घ्या, पुरुषाचे असेल तर ते बाईने आणि बाईचे असेल तर पुरुषाने लिहिले आहे असे समजा, आणि मुखपृष्ठ नव्याने करा. लोकांनी केलेली ती मुखपृष्ठे मी एका रात्री बसून पाहिली. भारदस्त मानली जाणारी पुस्तके बाईच्या नावावर जाताच गोड, फिकट झाली होती. त्या रंगांत मला माझी स्वतःची पंचवीस-तीस मुखपृष्ठे दिसली. त्यानंतर हस्तलिखित वाचल्याशिवाय मी काम घेतले नाही. काही कामे त्यामुळे गेली.

हिशेबतपासनिसाच्या त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली नाही. निघाली असती तर तिला चेहरा द्यायचे मी लेखिकेला कबूल केले होते.

आपल्या हातात पुढचा रविवार आहे. ती चौकट काढून टाकावी, ही विनंती. आणि खुनाच्या तपासाची ती कादंबरी, वरच्या तीन पुस्तकांची परीक्षणे ज्यांनी लिहिली त्यांच्यापैकीच कोणाकडे तरी द्यावी. पुस्तक तीनशे पानांचे आहे आणि शेवटच्या चाळीस पानांवर वाद घालण्याजोगे पुष्कळ आहे.

आपला,
एक निवृत्त मुखपृष्ठकार